गाळा सोडून ऑनलाइन जा म्हणणाऱ्यांनी हिशेब पुरा मांडावा

हरभट रोडवाला (धागाकर्ता)

सांगलीत हरभट रोडला आमचं रेडीमेडचं दुकान आहे. लेडीज आणि लहान मुलांचं. गाळा भाड्याचा, लिव्ह अँड लायसन्सवर. यंदा करार संपतोय आणि मालकाने भाडं वाढवून मागितलंय. ते ऐकून पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्याने मला एक एक्सेल शीट पाठवलं. डावीकडे दुकानाचा महिन्याचा खर्च: भाडं १८,०००, दोन मुलींचे पगार २४,०००, लाईटबिल ३,५००, किरकोळ ४,५००. बेरीज बरोब्बर ५०,०००. उजवीकडे ऑनलाइनचा खर्च: इंटरनेट ७००, पॅकिंगचं सामान, आणि पुढे लिहिलंय "कमिशन – विक्री झाली तरच". खाली पिवळ्या रंगात एक ओळ: काका, गाळा सोडा.

पोराची तळमळ खरी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण "विक्री झाली तरच" या तीन शब्दांत त्याने सगळा धंदा बसवलाय, आणि माझं भांडण तिथेच आहे.

त्याच्याच आग्रहाने आम्ही एका मोठ्या पोर्टलवर कुर्त्या टाकल्या होत्या. नाव घेत नाही. कागदावर हिशेब असा दिसतो. कुर्ती ६९९ ला, त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की राहिले साधारण ६६६. खरेदी ३८०. पोर्टलचं कमिशन, फिक्स फी आणि शिपिंग धरून १६५. त्या १६५ वर १८ टक्के जीएसटी, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, म्हणून सोडून देऊ. पिशवी, लेबल, टेप मिळून १२. हातात राहतात १०८-१०९ रुपये. वाईट नाही. आता दहा पार्सलं पाठवा. एक दारातूनच परत येतं, कॅश ऑन डिलिव्हरी असतं आणि "ताई घरी नाहीत" असं सांगितलेलं असतं. दोन जण घेऊन, घालून बघून परत पाठवतात. राहिली सात. सात कुर्त्यांचे झाले ७६१. परत आलेल्या दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि पॅकिंग धरा प्रत्येकी १३२, दारातून आलेल्याचं पॅकिंग १२. उरले ४८५. आणि त्या दोनांतली एक कुर्ती पुन्हा विकण्याजोगी नसली तर तिचे ३८० वजा. राहिले १०५. दहा पार्सलं बांधून शंभराची एक नोट आणि वर पाच रुपये.

विकण्याजोगी नसणं म्हणजे काय तेही सांगतो. आमच्याकडे एक पिवळी कुर्ती परत आली. कारण लिहिलेलं "साइज बसत नाही". गळ्यापाशी हळदीचा हात लागलेला, काखेत अत्तराचा वास, आणि तोडलेला टॅग सेफ्टी पिनने परत अडकवलेला. ज्या समारंभाला घालायची होती तिथे घालून झाली होती. पोर्टलकडे भरपाईचा क्लेम करायचा तर परतीचं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ पाहिजे, त्यात लेबल दिसलं पाहिजे, वजन दिसलं पाहिजे. आमच्या काउंटरवरच्या मुलीने कॅमेरा धरला, मी कात्री धरली, गिऱ्हाईक ताटकळत उभं. क्लेम नामंजूर, कारण व्हिडिओत बारकोड अस्पष्ट.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाळ्याचं भाडं दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतं, डोळ्यासमोर येतं, आणि जास्त विक्री झाली म्हणून वाढत नाही. ऑनलाइनचं भाडं प्रत्येक नगातून कापून जातं, धंदा वाढला की तेही वाढतं, आणि नग परत आला तरी कापलेलं राहतं. मग स्वस्त कुठलं? अनुभव असणाऱ्यांनी बोलावं. मोटिव्हेशनल बोलणाऱ्यांनी जरा थांबावं.

पार्सलवाली

काका, मी पिंपरीतून घरातूनच धंदा करते. नाइटी, कॉटन कुर्ती, को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे वरचे-खालचे जोड). आधी आम्हीही गाळा घेतला होता, आणि तो सोडून मी आज सुखी आहे, म्हणून लिहिते. मोटिव्हेशनल नाही, अनुभवाचं.

तुमच्या पुतण्याची उजवी बाजू अर्धवट आहे हे मान्य. पण डावी बाजू काय पूर्ण आहे? त्या ५०,००० मध्ये तुमचा पगार कुठे आहे? सकाळी साडेदहाला शटर वर आणि रात्री साडेनऊला खाली. अकरा तास. जेवण डब्यातलं, तेही काउंटरमागे उभ्याउभ्या. दुसऱ्याच्या दुकानात मॅनेजर म्हणून बसला असतात तर वीस-पंचवीस हजार घेतलेच असते ना? तेवढे त्या बेरजेत घाला आणि मग सांगा स्वस्त काय.

अनामत रक्कम मालकाकडे पडून आहे, तिचं व्याज घाला. फर्निचर, काचा, पुतळे, एसी, लाईट हे सगळं गाळा सोडताना भंगारात जातं, तेही वर्षावर वाटून घाला. उधारी घाला. गर्दीत पिशवीत गेलेले दोन लेगिंग घाला. आणि सगळ्यात मुख्य, वर्गणी घाला! गणपती, नवरात्र, शिवजयंती, दहीहंडी, कोणाचा तरी वाढदिवस. आमच्या गाळ्याच्या रांगेत पावतीपुस्तक घेऊन इतकी मंडळं यायची की मी शेवटी गल्ल्याशेजारी वेगळा डबा ठेवला होता. "ताई, मागच्या वर्षी एवढे दिले होते, यंदा शंभर वाढवा." गिऱ्हाईकही एवढी घासाघीस करत नाही. ऑनलाइनला एकही मंडळ दारात येत नाही हो.

आणि रस्ता! आमच्या समोरचा रस्ता ड्रेनेजसाठी खणला आणि महिनोन्‌महिने तसाच. भाडं तेवढंच, गिऱ्हाईक निम्मं. तक्रार कोणाकडे करायची?

तुम्ही पोर्टलचा हिशेब दिलात. पोर्टल म्हणजेच ऑनलाइन नव्हे. मी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर विकते. पैसे आधी, यूपीआयने. कॅश ऑन डिलिव्हरी बंद. परत फक्त सदोष नग, तोही कळवून. तुमचा तो दहातला तीनचा घोळ माझ्याकडे नाही.

हरभट रोडवाला

ताई, वर्गणीबद्दल शंभर टक्के मान्य, तो तर सर्वपक्षीय कर आहे. पगाराचंही मान्य, पण मग तो दोन्हीकडे घाला. फोटो काढणं, "साइज आहे का", "लास्ट प्राइस काय", "कापड आकसेल का" या मेसेजना रात्री अकरा वाजता उत्तर देणं, हे कोण करतं? माझं शटर साडेनऊला पडतं. तुमचं कधी पडतं?

पार्सलवाली

पडत नाही, खरं आहे. नवऱ्याचं आणि माझं त्यावरून वाजतं.

हिशेबनीस

मी कर सल्लागार आहे, असे दोन्हीकडचे अशील रोज येतात. जे दोघांनीही लिहिलेलं नाही ते लिहितो.

पहिलं, ताईंसाठी. तुम्ही जीएसटी नोंदणीचं काही लिहिलं नाहीत. दुकानदाराला महाराष्ट्रात मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. पण हे राज्यातल्या राज्यात. तुमचं एक पार्सल जरी बंगळूरला किंवा इंदूरला गेलं तरी ती आंतरराज्य विक्री, आणि करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, नाइटी त्यात येत नाही. "मी छोटी आहे, घरातूनच करते" हे खात्याला चालत नाही. हा खर्च आज दिसत नाही, नोटीस आली की व्याज आणि दंडासकट दिसतो.

दुसरं, पोर्टलवाल्यांसाठी. पूर्वी पोर्टलवर विकायचं म्हणजे उलाढाल कितीही असो, नोंदणी हवीच होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला ती सूट मिळाली, फक्त पोर्टलसाठी नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशनवाल्यांनाही, म्हणजे उलाढालीवर ठराविक कमी टक्क्याने जीएसटी भरणाऱ्या छोट्यांना, तेव्हापासूनच दार उघडलं, तेही राज्यातल्या राज्यात. इथे सांगलीकरांची गंमत होते. कर्नाटकातल्या अथणीचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात आलं आणि साधं काउंटर बिल करून साडी घेऊन गेलं तर ती सांगलीतलीच विक्री. तीच साडी तुम्ही कुरिअरने अथणीला पाठवलीत की कर्नाटक, म्हणजे कंपोझिशन हातचं गेलं. गिऱ्हाईक तेच, साडी तीच.

तिसरं, अडकलेले पैसे. पोर्टल तुमच्या पैशातून टीसीएस, म्हणजे जीएसटीपोटी आगाऊ रक्कम कापतं, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के, आधी १ टक्का होता. शिवाय आयकराचा टीडीएस, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झालाय. दोन्ही नंतर मिळतात, हा खर्च नव्हे. पण कातरलेल्या नफ्यावर चालणाऱ्याला महिनाभर अडकलेला पैसासुद्धा टोचतो.

चौथं, काकांसाठी. तुमचा मालक जीएसटीत नोंदलेला आहे का? तो नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणीवाले असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर मालकाऐवजी तुम्हीच भरायचा आहे, यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. १८,००० वर ३,२४०. क्रेडिट मिळतं, पण आधी रोखीने भरावा लागतो. बऱ्याच दुकानदारांना हे अजून माहीतच नाही. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलेलं आहे.

हरभट रोडवाला

मालक नोंदणीत नाही. आमच्या सीएने ते सुरू केलंय, मला वाटलं होतं सीएने आपली फी वाढवायला काढलेलं काहीतरी आहे.

फक्त गिऱ्हाईक

तुम्ही सगळे विकणारे बोलताय, घेणाऱ्याचंही ऐका. मी ऑनलाइन का घेते? दुकानात परत घ्यायला गेलं की चेहरा बघावा लागतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी तर प्रत्येक दुकानात देवाच्या फोटोशेजारी. मुलीचा ड्रेस एक नंबर मोठा झाला तर "वाढत्या अंगाचाच घ्यावा ताई" असं ज्ञान मिळतं. ऑनलाइन मी तीन साइज मागवते, एक ठेवते, दोन परत. कोणी तोंड वाकडं करत नाही.

हरभट रोडवाला

ताई, तोंड वाकडं होतं, फक्त तुम्हाला दिसत नाही. तुमच्या त्या दोन परतीचं भाडं माझ्यासारखा कोणीतरी भरतो आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या किमतीत मिसळतो. म्हणजे तीन साइज न मागवणारी बाई तुमच्या सोयीचे पैसे देते. आणि पाटीचं म्हणाल तर आमच्याकडे पाटी आहे, पण बदलून देतो. पाटी ज्याच्यासाठी आहे तो पाटी वाचत नाही.

उलट दुकानाचा एक खर्च तुम्हीच आठवण करून दिलात. बाया येतात, पाच-सहा ड्रेस काढायला लावतात, मुलीला घालून बघतात, टॅगचा फोटो काढतात आणि "घरी विचारून येते" म्हणून जातात. तोच ड्रेस मग मोबाईलवर. ट्रायल रूम माझी, आरसा माझा, घड्या घालणारी मुलगी माझ्या पगारावरची.

कुडाळहून

आमचा विषय जरा वेगळा, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसाचे तळलेले गरे. हायवेला छोटा स्टॉल आहे आणि ऑनलाइनही पाठवतो. इथे सगळे कपड्यांवर बोलतायत म्हणून एक सांगतो. कुरिअरवाला नुसतं काट्यावरचं वजन धरत नाही, खोक्याचं जास्त भरलं तर ते धरतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. गऱ्यांचं खोकं ३० बाय २५ बाय २०. आत माल एक किलो. हिशेब केलात तर वजन होतं तीन किलो. दोन किलो कोकणची हवा आम्ही पैसे देऊन मुंबईला पाठवतो! लहान खोकं घ्यावं तर गऱ्यांचा चुरा होतो, आणि चुऱ्याचा फोटो रिव्ह्यूमध्ये लागतो.

आगळाची बाटली फुटली तर नुकसान त्या बाटलीचं नसतं. सोबतची चार पार्सलं लाल होतात.

तरी स्टॉल मोठा म्हणाल तर तोही नाही. चतुर्थीला आणि मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा उभं राहायला जागा नसते, आणि आषाढात दिवसभर मी आणि शेजारचा चहावाला एकमेकांचं तोंड बघतो. ऑनलाइन आहे म्हणून पावसाळ्यात हात हलता राहतो. त्यामुळे काकांशी पूर्ण सहमत नाही.

भाडेपट्टा

दोन्ही बंद करा, एफडी करा, गप झोपा.

पार्सलवाली

एफडीवाल्या दादांना नमस्कार. एफडी करायला पैसे कुठून आणायचे तेही सांगा म्हणजे झालं.

हिशेबनीस साहेब, तुम्ही झोप उडवलीत. माझी नोंदणी आहे, पण सुरुवातीला नव्हती, तेवढंच लिहिते. आता रिटर्न भरायला माणूस लावलाय, तोही खर्चच.

कुडाळच्या दादांनी हवेचं सांगितलं, तसं माझं एक. माझ्या "शून्य भाड्या"चं. टू-बीएचकेतली एक खोली पूर्ण मालाची आहे. पलंगाखाली नाइटी, कपाटावर को-ऑर्ड, दाराच्या मागे कुरिअरच्या पिशव्यांचे गठ्ठे. सासूबाई आल्या की हॉलमध्ये झोपतात. ती खोली भाड्याने दिली असती तर पिंपरीत पेइंग गेस्टचे आठ-नऊ हजार आरामात आले असते. ते मी कुठल्याच शीटमध्ये लिहीत नव्हते. काकांनी विचारलं म्हणून नाही, पण लिहायला पाहिजे.

आणि जाहिरात. पहिल्या वर्षी रील फुकट पोचायची, आता पैसे टाकल्याशिवाय ओळखीच्यांनाही दिसत नाही. दिवाळीच्या आधी तर तोच पैसा निम्म्या लोकांपर्यंत पोचतो, कारण सगळेच टाकत असतात. काकांचं भाडं निदान दिवाळीत दुप्पट होत नाही.

तरीही मी गाळ्यात परत जाणार नाही. डेड मालामुळे. दुकान म्हटलं की रॅक भरलेला दिसायला लागतो. सेट घ्यायचा, मधले साइज जातात, टोकाचे उरतात. मी नमुना दाखवते, ऑर्डर आली की उल्हासनगरहून तेवढेच नग उचलते. माझा पैसा पलंगाखाली आहे पण थोडा आहे. काकांचा किती अडकलाय ते काकांनाच विचारा.

हरभट रोडवाला

हा बाण बरोबर लागला. लहान मुलांच्या मालात तर विचारू नका. २० आणि ३४ नंबर नेहमी उरणार. त्यात गेल्या वर्षीचं कार्टून यंदा चालत नाही. माळ्यावर किती आहे ते मी बायकोलाही सांगत नाही.

जुनी पुस्तकं

पुस्तकांचं दुकान आहे, तालुक्याच्या गावी. ऑनलाइन विक्रीही करतो, दोन्ही रडगाणी माझी आहेत.

पुस्तकावर जीएसटी नाही, परत फारसं येत नाही, साइजची भानगड नाही. म्हणजे ऑनलाइनला आदर्श माल. आणि खरंच बरं चाललं होतं, कारण पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्ट होती. पाच किलोचा गठ्ठा शंभराच्या आत देशभर कुठेही. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली, आधी धड सांगणंही नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये ते बटणच दिसत नाही." दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहाला कुरिअरचे ऐंशी रुपये कोण देणार? १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून पाच किलोला १०० पर्यंत. चांगलं आहे. पण जाहिराती असलेलं किंवा व्यापारी स्वरूपाचं छापील त्यात चालत नाही, म्हणून पाकिटात काय आहे यावर अधूनमधून वाद होतो.

सांगायचा मुद्दा, ऑनलाइन दुकानदाराचा मालक एक नसतो. गाळ्याचा मालक भाडं वाढवतो तेव्हा समोर बसून वाढवतो, चहा पिऊन, तुमच्या बापाची आठवण काढून. आपण रडतो, तो थोडा खाली येतो. पोस्ट, कुरिअर, पोर्टल, रीलवाली कंपनी, या सगळ्यांचं भाडं एका सकाळी बदललेलं असतं आणि रडायला समोर कोणी नसतं. ईमेलला उत्तर येतं, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत."

कधी खालीही बदलतं, हे मान्य करायला पाहिजे. मीशोने २०२१ पासून कमिशन शून्य केलं, ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे कमिशनच, काढून टाकली. पण शिपिंग आणि जाहिरात राहतेच. आणि ज्याने एका सकाळी शून्य केलं तो दुसऱ्या सकाळी पुन्हा लावू शकतो.

हिशेबनीस

जुनी पुस्तकं यांच्याशी सहमत, पण गाळेमालक इतके प्रेमळ असतात हे माझ्या अशिलांना कळवतो. माझ्याकडे एक जण आहे, धंदा जमला तसा मालकाने करार वाढवलाच नाही, स्वतःच्या जावयाला तिथे तेच दुकान काढून दिलं. गिऱ्हाईक त्या पायरीला सवयीचं होतं, ते तिथेच जात राहिलं. त्या वर्षानुवर्षांच्या सवयीची किंमत कुठल्या खात्यात टाकायची?

फक्त गिऱ्हाईक

पोर्टलवाल्यांनीही तेच केलंय की. जे खपतं ते बघायचं आणि स्वतःच्या ब्रँडचं काढायचं. फरक एवढाच की त्यांना जावई शेकड्याने.

हरभट रोडवाला

ताई, आता तुम्ही आमच्या बाजूच्या.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती काढली की माझाच मुद्दा लंगडा होतो. पाणी. सांगलीत गाळा म्हणजे कृष्णा भागीदार. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट झालं की इशारा, ४५ झालं की धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं होतं. हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ, गणपती पेठ, सगळं पाण्यात. माल माळ्यावर चढवला होता, २००५ च्या पुराच्या अंदाजाने. पाणी माळ्यावरही गेलं. उतरल्यावर शटर वर जाईना, आतून चिखलाने धरलेलं. कटरने कापलं. भिजलेला होजिअरी माल एकमेकाला चिकटून त्याच्या विटा झाल्या होत्या, आणि वास असा की पुढची दिवाळी येईपर्यंत भिंतीतून गेला नाही. लग्नसराईचा आणि राखीचा माल एकाच वेळी. पुन्हा २०२१ ला तेच, जरा कमी.

विमा होता. पण माल बारा लाखांचा आणि विमा सहाचा, हप्ता वाचवायला वडिलांच्या वेळेपासून तसाच चालत आलेला. सर्व्हेअरने कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाला, निम्म्याचा विमा, निम्मी भरपाई.

पुतण्याच्या शीटमध्ये डावीकडे पूर हा रकाना नाही. ते बघून मला हसू आलं, आणि जरा रागही. तो तेव्हा पुण्याहून चिखल काढायला आला होता.

पार्सलवाली

काका, याला काही बोलता येत नाही. पण इथे तरी मान्य करा, माल पुण्यात किंवा चौथ्या मजल्यावर असता तर वाचला असता. ऑनलाइनला माल कुठेही ठेवता येतो.

हरभट रोडवाला

ठेवता येतो. मग गोदामाचं भाडं सुरू. आणि गिऱ्हाईक माझं सांगली, मिरज, तासगाव, अथणीचं, ते चौथ्या मजल्यावर येणार नाही. ज्या गिऱ्हाइकाने पुरानंतर पहिल्या आठवड्यात येऊन, गरज नसताना, ओल्या दुकानातून बोहनी केली, ते मला पोर्टलवर कुठून मिळणार? हा भावनेचा मुद्दा नाही. त्यांच्यामुळे व्यापाऱ्याची उधारी फिटली.

हिशेबनीस

सर्व्हेअरने लावलं ते अल्पविम्याचं कलम. बारा लाखांचा माल, सहाचा विमा, चार लाखांचं नुकसान, तर दोन लाखच मिळतात. लोकांना वाटतं सहापर्यंतचं सगळं मिळेल. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी आली आहे, एका जागी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. तिच्यात पूर मूळ पॉलिसीतच आहे आणि १५ टक्क्यांपर्यंतची तूट धरत नाहीत. म्हणजे बाराच्या मालाला सव्वादहाचा विमा असला तरी कापाकापी नाही. सहाचा असेल तर मात्र तेच गणित. दिवाळीआधी माल भरता तेव्हा रक्कम वाढवून घ्या.

ताई, तुमच्या खोलीतल्या मालालाही हेच लागू. घराच्या विम्यात धंद्याचा माल सहसा धरत नाहीत. गीझरचं शॉर्टसर्किट झालं तर पलंगाखालचं सगळं तुमच्या अंगावर.

पार्सलवाली

गीझर त्याच भिंतीला आहे. विमा एजंटचा नंबर कोणाकडे असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

कुडाळहून

आणि काका, भाड्याचं काय ठरलं ते लिहा. मालक किती मागतोय?

हरभट रोडवाला

२२,००० मागतोय, मी २० वर अडलोय. पुराची रेघ अजून त्याच्याच भिंतीवर आहे, रंग त्याने दिलेला नाही. रविवारी बसणार आहोत. पुतण्यालाही बोलावलंय, शीट घेऊन. डावीकडे चार रकाने वाढवलेत, उजवीकडे सहा. पोर्टलवरचा माल मी काढून घेतलाय, पण व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना नवीन मालाचे फोटो टाकायचं काम काउंटरवरच्या एका मुलीने आपणहून सुरू केलंय. माल दाखवायचा, पैसे आणि ट्रायल दुकानातच. त्यासाठी ती हजार रुपये वाढवून मागतेय. देणार आहे.